मालकांचे बाजे

आमच्या घरमालकांनी खोली देताना ह्यांचा पगार विचारला नाही. किती माणसं राहणार, मिलची नोकरी का गेली, आधीची जागा का सोडली, काही म्हणजे काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, की मासे कुठे तळणार. मी वेंगुर्ल्याकडची. मासे चुलीवर तळतात, आणखी कुठे तळणार? तसं मी बोलूनही गेले. त्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या चादरीकडे बोट दाखवलं. चादरीखाली कपाटाएवढं काहीतरी उभं होतं. मला वाटलं मालकांचं सामान असेल, उद्या-परवा हलवतील.

"तो हलणार नाय," मालक म्हणाले. "तो आधी आला. तुमी मागून आले."

ती पायपेटी होती. पायांनी भाता मारायचा आणि वर बोटांनी वाजवायचं, अशी जुनी, विलायती. खोलीचा चांगला कोपरा तिनं अडवलेला, आणि खोली तर एवढीशीच. पण आम्ही अडलेले. संप चिघळला, ह्यांची मिल काही उघडली नाही, लालबागच्या खोलीत दिरांचा संसार वाढत गेला, तेव्हा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात फिटरचं काम धरून आम्ही वाकोल्याला जागा शोधत होतो. मालकांनी पागडी मागितली नाही. पावतीही दिली नाही. सगळं तोंडी. अडला हरी, दुसरं काय.

घर गावठाणातलं, जुनं, लाकडी जिन्याचं. खाली मालक आणि त्यांची बिनलग्नाची बहीण, तिला सगळे आंटी म्हणायचे. मालकांच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर आमची खोली, मध्ये फक्त फळ्यांची जमीन. शेजारी एक कोळीण मावशी, सांताक्रूझच्या बाजारात मच्छी विकायला बसायच्या. त्यांच्या फळीवर देवांच्या शेजारी एक हातपेटी ठेवलेली होती, तीही मालकांचीच. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो. खात नाय, पीत नाय, भांडत नाय. माझ्या सुनंपरीस बरी."

मालक ईस्ट इंडियन ख्रिस्ती, वाकोल्यातले मूळचे. चर्चला ते देऊळच म्हणायचे आणि त्या देवळात ऑर्गन वाजवायचे. म्हणून बाहेर त्यांना मास्तर म्हणत. देवळावर झावळ्यांचं छप्पर होतं तेव्हा त्यांचे आजोबा ती हातपेटी गळ्यात अडकवून वाजवत. मग वडलांच्या काळात पायपेटी आली. मग मालक तरुण असताना घाटावरच्या कुठल्याशा छावणीतलं गोऱ्यांचं चर्च बंद पडलं, तिथला पाइपांचा ऑर्गन सुटा करून ट्रकात घालून वाकोल्याला आणला. नवीन बाजा आला की देवळानं जुना टाकायचा आणि ह्यांच्या घराण्यानं तो घरी आणायचा, अशी रीतच पडली होती. घरी आणलेल्या बाज्याला खोली द्यायची, आणि उरलेल्या जागेत भाडेकरू ठेवायचे.

बाज्याचे नियम मला पाठ करायला लावले. पायपेटीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. पावसाळ्यात तिच्या पोटात बारका बल्ब जळता ठेवायचा, नाहीतर ओल धरते. आणि खोलीत काही तळायचं नाही, तेलाचा धूर आतल्या पट्ट्यांवर बसतो. मी स्टोव्ह गॅलरीत नेला. वाऱ्यानं ज्योत फडफडायची, बांगडा एका अंगानं करपायचा, आणि मी मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. खालून आंटी ओरडायच्या, "जोरात बोल गो, त्याला ऐकू जाऊ दे!"

रविवारी देवळातली मिस्साची प्रार्थना आटपली की मालक थेट वर यायचे. दार वाजवणं त्यांना ठाऊक नव्हतं. मी पोरीला पाजत असले तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, पण बाहेर जायचे नाहीत. मग चादर काढून पायपेटीला, त्यांच्या भाषेत, हवा द्यायचे. उंच, काटकुळे, विजार पार बरगड्यांपर्यंत ओढलेली, आणि हातात बाजाराची पिशवी. पिशवीत भाजी नाही, मासळी नाही. पातळ तळव्यांचे काळे बूट. ते फक्त देवळातल्या ऑर्गनवर बसताना घालायचे, त्याच्या जाड सुरांच्या पट्ट्या पायांनी दाबायच्या असतात. रस्त्यानं मालक फटक्या चपलांवर हिंडत. रस्त्याचा बूट ऑर्गनच्या पट्टीवर ठेवणारा माणूस त्यांच्या मते नरकात जातो.

विमानतळ जवळ, त्यामुळे विमान डोक्यावर आलं की वाकोल्यातला माणूस आपसूक बोलायचा थांबतो आणि विमान गेलं की राहिलेलं वाक्य पुरं करतो. मालक देवळात वाजवताना थांबत नसत. विमानाची चाहूल लागली की पायाखालचा सगळ्यात जाड सूर दाबून धरायचे आणि ते जाईपर्यंत सोडायचे नाहीत. "त्याला वाटायला नको आपुन घाबरलो," म्हणायचे.

एकदा मला देवळात घेऊन गेले. "तू लहान्याला बल्ब लावते. मोठ्याला भेटायला नको?" मी मागच्या बाकावर बसले. वर माळ्यावर मालक पाठमोरे, त्यांच्या डोक्यावर राखाडी पाइपांची रांग, काही पेन्सिलीएवढे, काही माणसाहून उंच. त्यांनी तो जाड सूर लावला आणि माझ्या हाताखालचं बाकाचं लाकूड थरथरायला लागलं. मला भीती वाटली. आवडलंही. त्यानंतर महिनाभर तरी मी गॅलरीत त्यांचा उद्धार केला नाही.

मग एका वर्षी, ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस लागले तेव्हा, नवे फादर मालकांकडे आले. तरुण होते, स्वभावानं गरीब. मी वरून सगळं ऐकत होते. फळ्यांच्या जमिनीचा तेवढा फायदा. माळ्याची तुळई वाळवीनं पोखरली होती. ऑर्गनचं वजन तिला पेलणार नव्हतं. गल्फमधल्या कुणीतरी देवळाला विजेवरचा नवा ऑर्गन दिला होता, दोन माणसांनी उचलावा एवढाच.

"मास्तर, माळा कोसळला तर खाली बसलेली माणसं मरतील," फादर म्हणाले.

"मग माणसांना दुसरीकडं बसवा," मालक म्हणाले.

मी हसले होते तेव्हा. हसू फार टिकलं नाही.

उपासात ऑर्गन तसाही वाजत नाही, म्हणून त्याच दिवसांत तो उतरवायचं ठरलं. नव्या ऑर्गनवर बसायला मालकांनी नकार दिला. रेडिओला मास्तर लागत नाही म्हणाले. जुना मात्र मागून घेतला. ईस्टरला तो घरी वाजेल, असं सगळ्या गावठाणाला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते, तर खालून माझ्या मांडीखालच्या फळीवर ठक-ठक सुरू झालं. मालक बांबूनं छताची उंची बघत होते. थोड्या वेळानं ते वर आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"ही जमीन काढायला लागेल," म्हणाले.

"कुठली?"

"ही. तू उभी हाय ती. ऑर्गनच्या पेटाऱ्यावर पाइप उभे केले की खाली मावत नाय. वरपर्यंत मोकळं पायजे."

"आणि आम्ही?"

"तुमी गावाला जाऊन या ना," मालक अगदी सहज म्हणाले, पोरीच्या गालाला बोट लावलं आणि गेले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणजे मुखदुर्बळ माणूस. मिल बुडाली तेव्हाही कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यातून आवाज असा जाड, की साधं 'पाणी दे' म्हटलं तरी पोर दचकायची, म्हणून घरात आणखीच कमी बोलायचे.

"तुमी कायच बोलूचास नाय?" मी म्हटलं.

"काय बोलू? घर तेंचां."

"मगे आमी रस्त्यार ऱ्हवाया?"

"माका इचार करूक दी," म्हणाले, आणि कूस वळवून झोपले. मी रागानं भांडी आपटली. पण कुठल्या तोंडानं भांडणार? कागद नव्हता, पावती नव्हती. लालबागला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गावाला काय होतं ते मलाच ठाऊक.

हातगाडीवरून पाइप यायला लागले. जुन्या पडद्यांत गुंडाळलेले. बारके मालकांच्या खाटेखाली गेले, मधले जिन्याच्या कडेला लागले, मग गॅलरीत आले आणि माझ्या स्टोव्हची जागा गेली. सगळ्यात मोठे, जस्ताचे, अंगणात आडवे. लाकडी पेटारा आणि भाता मालकांच्या खोलीत. आंटींनी आपली गादी स्वयंपाकघरात नेली. "आता मी चुलीत झोपते," मला म्हणाल्या. "तू कुठं झोपशील गो?" त्या दिवसापासून आंटी पोरीला रोज खाली घेऊन जायच्या आणि भात भरवायच्या.

मग गवंडी आला. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी काम सुरू करणार म्हणाला, आणि आमच्या जमिनीवर कुठून कुठवर फळ्या काढायच्या त्याची खडूनं रेघ मारून गेला. मी ती पुसली नाही आणि सामानही बांधलं नाही. एक वाटीसुद्धा जागची हलवली नाही. पोर त्या रेघेवरून रांगायची, आणि तिचे गुडघे पांढरे व्हायचे.

गुड फ्रायडेला वर्कशॉपला सुट्टी. मालक आणि आंटी दुपारचेच देवळात गेले. त्या दिवशी गावठाणात रेडिओ लागत नाही, कुणी मोठ्यानं हाक मारत नाही. देवळाची घंटासुद्धा वाजवत नाहीत, लाकडी खुळखुळा फिरवतात. एवढ्या शांततेत हे उठले, वर्कशॉपची पिशवी घेतली आणि अंगणात उतरले. मी गॅलरीतून बघत होते. ह्यांनी टेपनं मालकांच्या खोलीचं छत मोजलं, पेटारा मोजला, मग सगळ्यात मोठा पाइप मोजला. जास्त नाही, हातभरच लांब पडत होता. ह्यांनी पाइप दोन स्टुलांवर घेतला आणि पिशवीतून हॅकसॉ काढला.

"अवो, काय करतास?"

"पाइपच तो. कापतलंय, मगे जोडतलंय," म्हणाले. "रोजचां काम माझां."

खरं सांगते, मला धन्य वाटलं. एवढे दिवस गप्प बसून माणूस उपाय शोधत होता. पाइप बुटका झाला की छताखाली मावणार, जमीन वाचणार, आम्ही राहणार. इतकं सोपं कुणालाच कसं सुचलं नाही, असं मी मनात म्हणाले. हॅकसॉ जस्तावर किंचाळायला लागला तशी मावशी धावत बाहेर आल्या.

"आरं, आज ही लोकां खिला पन ठोकीत नाय! थांबव!"

हे थांबले तोवर तुकडा खाली पडला होता. समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

मालक परत आले ते काळ्या कोटात. फाटकातच थांबले. आंटींनी छातीवर क्रूस केला. मालक चालत आले, खाली वाकले, आणि तो हातभर तुकडा उचलून आरपार बघत राहिले. हे हॅकसॉ हातात घेऊन तसेच उभे.

"मोजून कापलाय, मालक," हे म्हणाले. "छताखाली बसंल आता. जोड लागला तर देतो जोडून."

"काय जोडशील? पत्रा." मालकांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला पायऱ्या उतरून खाली यावं लागलं. "पाइपची लांबी, तोच त्याचा सूर असतो. लांबी गेली की तो दुसराच कोण. हा सगळ्यात खालचा सूर होता. माझ्या पायाखालचा. कशाला केला?"

उत्तर मी दिलं.

"आमची जमीन फुटू नये म्हणून केलं! आम्ही जायचं कुठे, मालक?"

"गावाला. गाव हाय ना तुमचा?"

"गावाला एक पडवी आहे. त्या पडवीत ह्यांचे थोरले भाऊ, त्यांची चार पोरं आणि एक म्हैस राहते. तुमचं गाव तुमच्या दारात आहे, म्हणून तुम्हाला वाटतं सगळ्यांना कुठेतरी गाव असतं."

"हे आधी का नाय बोलली?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही मासे कुठे तळणार ते विचारलंत."

मी रडत होते आणि ओरडत होते. गुड फ्रायडे होता, सगळं गावठाण ऐकत होतं. एक विमान अगदी खालून गेलं. मालक ते जाईपर्यंत थांबले.

"आज नाय," शेवटी म्हणाले. "आज कोण काय कापत नाय. सकाळी बघू." आणि तुकडा घेऊन आत गेले.

सकाळी बघू म्हणजे काय बघू? पोलीस, का रस्ता? ह्यांनी ती रात्र जिन्यात बसून काढली. मी पहिल्यांदा पत्र्याची ट्रंक उघडून पोरीचे कपडे भरले. उजाडलं तसा गवंडी आला. त्याची पहार अंगणातल्या दगडावर टेकल्याचा आवाज मला वर ऐकू आला. मग जिन्यावर पावलं. मग दारावर टकटक. मालकांनी आमचं दार वाजवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"फिटर," म्हणाले, "करवत घेऊन खाली ये."

अंगणात पुढचा मोठा पाइप दोन स्टुलांवर ठेवलेला होता. त्याच्यावर खडूनं खूण होती, मालकांनीच केलेली. गवंडी विडी ओढत बसला होता. त्याला मालक म्हणाले, "जमीन ऱ्हाऊ दे. तू जा." तो गेला. मग मालक गुडघ्यांवर बसले, पाइपच्या निमुळत्या टोकाला तोंड लावलं आणि फुंकलं. जाड, गोल सूर निघाला. अंगणभर पसरला आणि संपला. ते उठले आणि पाइपचं दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काप."

ह्यांनी करवत टेकवली आणि परत उचलली.

"काप, बोललो ना! आणि मध्ये थांबू नको, पत्रा फाटतो. कोपरासारखा वळवून डाग देऊन जोड, म्हंजे लांबी तेवढीच ऱ्हाते. बाहेरच्या देशात करतात तसं, मी वाचलाय. सूर ऱ्हायला तर ऱ्हायला."

असे एकामागून एक सगळे मोठे पाइप कापले. प्रत्येकाला आधी मालकांनी फुंकलं, मग टोक धरलं. करवत चालू असताना ते दुसरीकडे, देवळाच्या बाजूला बघत राहायचे. आंटी दार लावून आत बसल्या होत्या. मी जिन्यावर उभी राहून रडले, आणि कुणासाठी रडतेय ते मला सांगता आलं नसतं. माझं घर वाचलं होतं, तरी रडू थांबत नव्हतं.

ईस्टरला तो बाजा वाजला नाही. मालक त्या दिवशी देवळात मागच्या बाकावर बसले आणि दुसऱ्यानं वाजवलेला विजेचा ऑर्गन ऐकून घरी आले. हे मात्र रोज वर्कशॉपातून सुटल्यावर एकेक पाइप घेऊन बसायचे. वळवायचे, डाग द्यायचे, मालक फुंकून बघायचे, मान हलवायचे, हे परत जोड उकलायचे. गणपती येऊन गेले तेव्हा कुठे ऑर्गन उभा राहिला, वाकलेल्या मानेनं, बरोबर आमच्या फळ्यांच्या खाली. काही पाइप पहिल्यासारखे बोलले. पण सगळ्यात खालचे, जाड सुरांचे, ते नाही बोलले. हवा भरली की नुसतेच धापा टाकायचे.

तरी मालक वाजवायचे. रविवारी संध्याकाळी आंटी कुरकुरत भाता ओढायच्या आणि मालक ते पातळ तळव्यांचे बूट चढवून बसायचे. वर आमची जेवणाची वेळ. फळ्यांमधून सगळं स्पष्ट ऐकू यायचं. गाणं त्या जाड सुरापाशी आलं की फस्स करून हवा सुटायची आणि तिच्यावर मालकांचा गळा यायचा. तो सूर ते स्वतः लावायला बघायचे. त्यांचा गळा बारीक, तितका खाली उतरायचाच नाही, मध्येच फाटायचा. त्या वेळी हे मान खाली घालून ताटात बोटं फिरवत बसायचे. मी एकदा म्हटलं, रविवारचं आपण उशिरा जेवू या. नको म्हणाले.

आणि मग एका रविवारी, खाली हवा सुटली आणि मालकांचा गळा फाटला तेव्हा, ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. जन्मात कधी आरतीलाही तोंड न उघडणारा हा माणूस. जमिनीकडे तोंड करून ह्यांनी आपल्या त्या दांडग्या आवाजात तो सूर लावला. पोर दचकली. खालचा बाजा एकदम बंद पडला. हे लाजून गप्प झाले. मला वाटलं आता मालक वर येतील.

ते आले नाहीत. थोड्या वेळानं भात्याचा आवाज परत सुरू झाला. मालकांनी तीच ओळ पहिल्यापासून धरली, आणि त्या सुरापाशी आल्यावर ते स्वतः गायले नाहीत. थांबले.